नऊशे अठ्ठ्याहत्तर

"खांडके, चिठ्ठी उचला," कानोले सर म्हणाले.

स्टीलच्या ताटलीत बारा चिठ्ठ्या होत्या आणि रांगेत प्रॅक्टिकल परीक्षेला आलेले आमच्या बॅचचे बारा जण. भिंग येऊ दे, काचेची चीप येऊ दे, काहीही येऊ दे, पण पेंडुलम नको, असं घोकत मी हात घातला. घडी उघडली. पेंडुलमच.

"काय आलं?" मागून सरोज बाहेतीनं विचारलं. सरोज माझी मैत्रीण. वर्षभर आम्ही एकाच टेबलावर प्रयोग केले होते. मी तिला चिठ्ठी दाखवली.

"अगं, सोन्यासारखा प्रयोग आलाय की! रडायलीस कशाला?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. एफ.वाय.बी.एस्सी.च्या फिजिक्समध्ये याच्याइतका सोपा प्रयोग नाही. दोऱ्याला एक पितळी गोळी टांगायची, दोऱ्याची लांबी मोजायची, वीस झोक्यांना किती सेकंद लागले ते स्टॉपवॉचवर बघायचं आणि त्यावरून 'जी' काढायचा. 'जी' म्हणजे पृथ्वी वस्तूला किती जोरानं खाली खेचते तो आकडा. उत्तर पुस्तकात दिलेलंच होतं, नऊशे ऐंशी. आमच्या लॅबमध्ये तर पुस्तक उघडायचेही कष्ट नव्हते. भिंतीवर एक हिरवी पाटी होती आणि तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं साऱ्या प्रयोगांची उत्तरं रंगवलेली होती. चौथी ओळ 'जी'ची.

त्यामुळे मुलं प्रयोग खालून वर करत. आधी नऊशे ऐंशी लिहायचं, मग उलटं गणित करून सेकंद काढायचे, आणि ते फार गुळगुळीत दिसू नयेत म्हणून इथं एक दशांश वाढवायचा, तिथं एक कमी करायचा. याला आमच्याकडे जुळवणी म्हणत. सासूनं सुनेला काळा मसाला शिकवावा तशी ही विद्या सीनियर मुलं ज्युनियर मुलांना शिकवत. मराठवाड्यातल्या आमच्या त्या तालुक्याच्या गावी कॉलेज तसं नवंच होतं, पण ही परंपरा मात्र चांगली मुरलेली होती.

माझं दुखणं असं, की वर्षाच्या सुरुवातीला मी तो प्रयोग खरोखर केला होता. उत्तर आलं नऊशे एकोणसाठ. कानोले सरांनी लाल शाईनं लिहिलं, 'पुन्हा करा.' पुन्हा केला. नऊशे अठ्ठावन्न. 'पुन्हा करा.' तिसऱ्यांदा नऊशे साठ आलं, तेव्हा सरांनी जर्नल मिटून माझ्या हातात दिलं.

"खांडके, फिजिक्सला हात लागतो," ते चार पोरांसमोर म्हणाले. "तो उपजत असावा लागतो. तुमचा तसा नाही. दुसऱ्या वर्षाला बॉटनी घ्या. पानं-फुलं छान काढाल."

पोरं हसली. मीही हसले, कारण न हसता तिथं उभं राहणं अवघड होतं.

दुसऱ्या वर्षाला फिजिक्सच्या बारा जागा होत्या आणि त्या प्रॅक्टिकलच्या मार्कांवर ठरत. मला त्यातली एक हवी होती. माझे वडील, अण्णा, शिंपीकाम करायचे. पायडल मागंपुढं हलतं आणि सुई मात्र वरखाली होते, हे कसं, हे बघत मी लहानपणी तासन् तास त्यांच्या यंत्राखाली बसलेली होते. तसं बसून बघायला मिळेल असा दुसरा कुठलाच विषय मला दिसत नव्हता. म्हणून मी मान खाली घातली, सरोजकडून जुळवणी शिकले आणि जर्नलात नऊशे ऐंशी पूर्णांक दोन असं उत्तर लिहून आणलं. सरांनी सही केली.

"बघा," ते म्हणाले, "मन लावलं की येतं."

त्या सहीची मला एवढी लाज वाटली की ते पान मी पुन्हा कधी उघडलं नाही.

मग परीक्षेच्या आठ दिवस आधी एक बारीकशी गोष्ट घडली. मी दुकानात बसून काजं करत होते. अण्णांनी गळ्यातली टेप काढली आणि कात्रीनं तिचे कचाकच तुकडे केले.

"चांगली होती की ती!" मी म्हटलं.

"ताणली. वहीतल्या जुन्या मापांवर तीन शर्ट शिवले, तिन्ही ढगळ."

"तुमचा हात चुकला असंल."

अण्णांना हे लागलं. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. "हात चुकला तर एक बिघडतो बाई, दुसरा नीट येतो. तिन्ही सारखेच ढगळ आले, की हाताला कशाला बोल लावायचा? टेप बघायची."

माझी सुई बोटात घुसली. नऊशे एकोणसाठ, अठ्ठावन्न, साठ. तीनही शर्ट सारखेच ढगळ होते.

पण शंका येणं वेगळं आणि परीक्षेत ती तोंडातून काढणं वेगळं. म्हणून तर मला पेंडुलम नको होता.

लॅबचे शिपाई गफूरभाई यांनी पेंडुलमची लाकडी पेटी माझ्यासमोर ठेवली. पितळी गोळी, दोरा, बूच आणि ते गोल स्टॉपवॉच. ते नेहमी याच पेटीत असे. गफूरभाई सगळ्या मुलींना बेटी म्हणत. "आरामात कर बेटी," ते म्हणाले. "आज आलेले साहेब कडक आहेत, पण नाश्ता झालाय त्यांचा."

साहेब म्हणजे बाहेरचे परीक्षक, औंढेकर सर. विद्यापीठाच्या गावाहून आले होते. किडकिडीत अंगाचे, मान एका बाजूला कलती, बोलणं कमी. मागच्या वर्षी कुठल्याशा कॉलेजात त्यांनी एका दिवसात सात जणांना नापास केलं होतं, अशी त्यांची ख्याती. कानोले सर सकाळपासून त्यांच्या मागंपुढं होते. दुपारी सरांच्या घरी पुरणपोळीचा बेत होता, हे आम्हां सगळ्यांना पाठ होतं.

मी गोळी टांगली आणि झोके मोजले. शंभर सेंटिमीटर लांबीला वीस झोक्यांना चाळीस पूर्णांक सहा सेकंद. पुस्तकाप्रमाणे यायला हवे होते चाळीस पूर्णांक एक. पुन्हा मोजले. तेच. लांबी बदलली, ऐंशी केली, साठ केली. सगळीकडे तोच थोडासा जास्तीचा वेळ, ठरवून दिल्यासारखा.

एवढ्यात शेजारून लॉग टेबलाचं पुस्तक सरकत माझ्यापुढे आलं. आत सरोजची चिठ्ठी होती. सहा लांब्या, त्यांना लागलेले सेकंद, सगळं जुळवलेलं, दशांश थोडे विस्कटून नैसर्गिक केलेले. शेवटी उत्तर, नऊशे ऐंशी पूर्णांक एक. खाली लिहिलं होतं, 'येडेपणा करू नको.'

मी ती चिठ्ठी किती वेळ बघत बसले, कोण जाणे. ती उतरवली असती तर मार्क मिळाले असते, जागाही मिळाली असती. आणि मग पुढची सगळी वर्षं मी फिजिक्स शिकले असते ते आपला हात वाईट आहे हे मान्य करून. ते मला सोसणार नव्हतं. मी चिठ्ठी होती तशीच पुस्तकात मिटली, माझेच आकडे लिहिले आणि उत्तर काढलं. नऊशे एकोणसाठ.

औंढेकर सर टेबलाशी आले. मागे कानोले सर.

"उत्तर?"

"नऊशे एकोणसाठ, सर."

"घाबरलीय सर ती," कानोले सर घाईनं म्हणाले. "खांडके, पुन्हा करा बघू."

औंढेकर सरांनी तिकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी माझं जर्नल उचललं, पानं उलटली आणि नेमक्या त्या पानावर थांबले. "इथं तर नऊशे ऐंशी पूर्णांक दोन आहे. हेही तुम्हीच काढलं ना?"

खरं बोलायचं तर एक वाक्य पुरलं असतं, आणि ते वाक्य बोललं की कानोले सरांची सही उघडी पडणार होती, वर्गातल्या साठ मुलांची जर्नलं उघडी पडणार होती, आणि मी तर पडणारच होते.

"ते जुळवलेलं आहे, सर."

"म्हणजे?"

"म्हणजे खोटं आहे. आजचं खरं आहे."

कुणाच्या तरी हातातलं भिंग टेबलावर खडकन आपटलं.

"खांडके!" कानोले सरांचा चेहरा लालबुंद झाला. "काय बोलताय, कळतंय का? माझी सही आहे त्यावर!"

"थांबा हो," औंढेकर सर म्हणाले. मान आणखी कलती करून ते माझ्याकडे बघत राहिले. "आजचं खरं म्हणता, आणि ते पुस्तकापेक्षा एकवीसनं कमी. मग एक तर पृथ्वी चुकली, नाही तर तुम्ही."

"तिसरं पण असू शकतं, सर."

"काय?"

"घड्याळ." एकदा सुटल्यावर मी थांबेना. "माझा हात चुकत असता तर कधी नऊशे चाळीस आलं असतं, कधी हजार. वर्षात चार वेळा केलं सर, दर वेळी तिथल्या तिथंच येतं. सारखंच चुकायला हाताला जमत नाही. स्टॉपवॉच पुढं पळत असंल."

"असेल म्हणून चालत नाही. दाखवा."

मी इकडंतिकडं बघितलं. लॅबमधलं भिंतीवरचं घड्याळ कित्येक महिने सव्वाचारवर उभं होतं. माझ्या स्वतःच्या हातात घड्याळ नव्हतं. मग मी जे केलं त्याची आठवण झाली की आजही माझे कान गरम होतात.

"सर, तुमचं मनगटावरचं घड्याळ देता का?"

कानोले सरांनी डोळेच मिटले. बाहेरच्या परीक्षकांकडं अंगावरची वस्तू मागणारी पोरगी त्या कॉलेजनं आजवर पाहिली नव्हती. औंढेकर सरांनी शांतपणे पट्टा सोडला आणि घड्याळ टेबलावर ठेवलं. "रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांना मिळवतो," ते म्हणाले. "किती वेळ लावता?"

"दहा मिनिटं."

सेकंदकाटा बारावर आला तसं मी स्टॉपवॉचचं बटण दाबलं.

दहा मिनिटं म्हणजे किती असतात ते मला त्या दिवशी समजलं. औंढेकर सरांनी स्टूल ओढलं आणि समोर बसले. बाकीच्या मुलांचे प्रयोग थांबले. सरोज नखं खात होती. दोन मिनिटं झाली, दोन्ही काटे जोडीनं चालले होते. स्टॉपवॉच बरोबर निघालं तर? तर माझा हात वाईट, वर मी खोटारडी, वर उद्धट. चौथ्या मिनिटाला स्टॉपवॉच किंचित पुढे दिसलं. का मलाच तसं दिसत होतं? मी डोळे चोळले. सातव्या मिनिटाला सरोज टाचा उंचावून माझ्या खांद्यावरून बघायला लागली, आणि तिनं माझा दंड एवढ्या जोरात दाबला की मला कळलं, दिसतंय ते तिलाही दिसतंय.

मनगटी घड्याळाचा काटा दहाव्यांदा बारावर आला. मी बटण दाबलं आणि स्टॉपवॉच न बघताच औंढेकर सरांपुढे धरलं.

त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं. "दहा मिनिटं," ते म्हणाले, "आणि सहा सेकंद."

"गफूरभाई!" कानोले सर ओरडले. "हे काय आहे?"

गफूरभाई हात जोडून पुढे आले. "साहेब, गुस्सा करू नका. एकाहत्तर साली माझ्या हातून पडलं होतं. बाजारात दुरुस्त करून आणलं. तवापासून जरा पळतंय."

"अकरा वर्षं! मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू साहेब? कुणाचं उत्तर चुकलंच नाही. दर साली सगळ्यांचं बरोबर यायलं. मला वाटलं, चालतंय."

औंढेकर सरांनी खिशातून रुमाल काढून तोंडाला लावला. आधी मला वाटलं ठसका लागला. मग बघितलं तर त्यांचे खांदे हलत होते. माणूस हसत होता! सात जणांना नापास करणारा तो माणूस डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला आणि मग एकाएकी गंभीर झाला.

"बसा. दुरुस्त करून काढा उत्तर."

मी बसले. सेकंदांच्या प्रत्येक आकड्याला सहाशेनं गुणलं आणि सहाशे सहानं भागलं. लॉग टेबल उघडलं तशी सरोजची चिठ्ठी खाली पडली, ती मी पायानंच सारली. आकडे सरळ येत होते. शेवटची ओळ लिहिली. पुन्हा कमीच.

"किती?"

"नऊशे अठ्ठ्याहत्तर."

"पाटीवर किती आहे?"

"नऊशे ऐंशी."

"म्हणजे अजून दोन कमी."

कानोले सरांना आता हे प्रकरण मिटायला हवं होतं. "लिहा ऐंशी," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "दोनानं काय होतं? एवढं आलंच आहे तर लिहून टाका."

औंढेकर सर माझ्याकडेच बघत होते. मी पुन्हा एकदा सगळं गणित डोळ्यांखालून घातलं. चूक सापडेना.

"दोनाचं काय ते मला माहीत नाही, सर," मी म्हटलं. "आलंय ते अठ्ठ्याहत्तर. तेच लिहिते."

औंढेकर सर स्टुलावरून उठले. परीक्षकांच्या टेबलावर आमच्या बारा जणांच्या जर्नलांचा ढीग होता. त्यांनी तो उचलून माझ्या टेबलावर आणला आणि एकेक जर्नल उघडून मोठ्यानं वाचायला लागले. "नऊशे ऐंशी. नऊशे ऐंशी पूर्णांक एक. नऊशे एकोणऐंशी पूर्णांक नऊ. नऊशे ऐंशी. वा, नऊशे ऐंशी." शेवटचं जर्नल त्यांनी मिटलं. "बाळांनो, पृथ्वी काही सगळीकडे सारखी ओढत नाही. ती पोटाशी जरा फुगलेली आहे. ध्रुवांकडे ओढ जास्त, विषुववृत्ताकडे कमी. नऊशे ऐंशी ही दूरच्या थंड मुलखातली किंमत. पुस्तकवाल्यांनी ती गोल करून छापली आणि तुम्ही ती इथं टांगलीत. आपल्या या भागात जी किती असतो, ठाऊक आहे?"

मुलं पाटीकडे बघायला लागली.

"नऊशे अठ्ठ्याहत्तर आणि वर थोडंसं."

त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "या खोलीत एवढ्या जणांनी जी लिहिला. या गावचा जी मोजला तो फक्त हिनं. पळणाऱ्या घड्याळानं मोजला, घड्याळाची चोरी पकडली, आणि एक नाही, दोन शिक्षक समोर उभे असताना आकडा बदलला नाही."

मला रडू फुटलं. लपवण्यासारखं काही नव्हतं, मी सगळ्यांसमोर खुशाल रडले. सरोज तर माझ्याआधीच सुरू झाली होती.

औंढेकर सरांनी घड्याळ पुन्हा मनगटावर चढवलं आणि पट्टा आवळत कानोले सरांना म्हणाले, "चला, तुमची पुरणपोळी थंड होईल." कानोले सर त्यांच्या मागून गेले खरे, पण दारात थांबून त्यांनी एकदा वळून त्या हिरव्या पाटीकडे पाहिलं.

मी तिथून थेट दुकानात गेले. अण्णा सदऱ्याला कॉलर लावत होते. मी एका दमात सगळं सांगितलं, पृथ्वीच्या पोटासकट. त्यांनी यंत्र थांबवून ऐकलं.

"मग?" ते म्हणाले. "टेप फेकली का त्यांनी?"

"अजून नाही."

"फेकायला सांग," म्हणाले आणि पुन्हा पायडल मारायला लागले. पण त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी आमची पोरगी पृथ्वी मोजून आली असं सांगितलं.

जूनमध्ये यादी लागली. फिजिक्सच्या बारा जणांत पहिलं नाव 'खांडके विमल' असं होतं. सरोजचं पाचवं. मी यादी तीनदा वाचली आणि धावतच लॅब गाठली. कानोले सरांसमोर कसं जायचं याची धास्ती होतीच. सुट्टीभर मी त्यांना रस्त्यात टाळत आले होते.

आत नव्या पोरांची पहिली बॅच भिंतीशी उभी होती. गफूरभाई स्टुलावर चढले होते, हातात रंगाचा डबा आणि ब्रश. पाटीवरची चौथी ओळ अर्धी नाहीशी झाली होती. 'जी बरोबर' एवढंच उरलं होतं आणि पुढे हिरव्या रंगाचा ओला पट्टा.

"पुढं काय लिहू साहेब?" गफूरभाईंनी विचारलं. "अठ्ठ्याहत्तर?"

"काही लिहू नका," कानोले सर म्हणाले. "ती जागा तशीच राहू द्या."

एका नव्या पोरानं धीर करून विचारलं, "सर, मग उत्तर कुठं बघायचं?"

सर उत्तर द्यायला वळले आणि मी त्यांना दारात उभी दिसले. त्यांनी टेबलावरची पेंडुलमची पेटी उघडली. आत कोरं करकरीत स्टॉपवॉच होतं. ते त्यांनी माझ्यासमोर धरलं.

"ये, विमल," ते म्हणाले. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांनी माझं नाव घेतलं होतं. "या पोरांना पेंडुलम लावून दाखव. तुझा हात चांगला आहे."

मी पुढे झाले आणि बुचात दोरा घातला.